शहरातील वृक्ष : छाटणी आणि तोडणीचे शास्त्र

पावसाळा तोंडावर आला की राज्यातील लहानमोठ्या शहरांतून एक दृश्य हमखास दिसू लागते. रस्त्याच्या कडेला मालमोटार उभी राहते, दोनचार मजूर कुऱ्हाडी आणि कोयते घेऊन झाडावर चढतात आणि दुपारपर्यंत एखाद्या डेरेदार पर्जन्यवृक्षाचा किंवा गुलमोहराचा नुसता सांगाडा उरतो. झाड "हलके" केले, आता ते पडणार नाही, असे समाधान सर्वांना वाटते. प्रत्यक्षात अशा रीतीने छाटलेले झाड पुढील चारपाच वर्षांत अधिक धोक्याचे होण्याचा संभव असतो. छाटणी हा अंगमेहनतीचा प्रश्न मानला गेला, ज्ञानाचा मानला गेला नाही, हे याचे कारण होय.

नगरपालिका, महानगरपालिका आणि शहरालगतच्या वाढत्या ग्रामपंचायती यांना या विषयाकडे आता अधिक गांभीर्याने पाहणे भाग आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागनजीक किनाऱ्यावर आले, त्याच वर्षी ५ ऑगस्टला दक्षिण मुंबईत वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे गेला, आणि १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या किनाऱ्याजवळून गेले. तिन्ही प्रसंगी रस्त्यांवर, घरांवर व वाहनांवर झाडे कोसळली. अशा घटनेनंतर दोन टोकाच्या मागण्या पुढे येतात. एक पक्ष म्हणतो, धोकादायक झाडे सरसकट तोडा. दुसरा म्हणतो, एकाही फांदीला हात लावू नका. दोहोंपैकी कोणाचेही ऐकून भागत नाही. मुंबईच्या वृक्षगणनेत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडांची नोंद झाली. एवढ्या संख्येचा विचार करताना कोणते झाड ठेवावे, कोणते सावरावे आणि कोणते काढावे हे ठरविण्याची शास्त्रशुद्ध पद्धत असणे अत्यावश्यक ठरते.

जखम भरत नाही, बंद होते

माणसाच्या शरीराला झालेली जखम नव्या पेशींनी भरून येते. झाडाचे तसे नाही. झाडात एकदा कुजलेला किंवा कापलेला भाग पुन्हा पूर्ववत होत नाही. झाड त्याच्याभोवती भिंती उभारून तो भाग उरलेल्या निरोगी लाकडापासून वेगळा करते आणि बाहेरून नव्या लाकडाचा थर चढवून त्याला झाकून टाकते. अमेरिकेच्या वनसेवेतील शास्त्रज्ञ डॉ. अ‍ॅलेक्स शायगो यांनी यांत्रिक करवतीने हजारो झाडे उभी चिरून आतील कुजीचा मार्ग तपासला आणि १९७७ च्या सुमारास हा सिद्धांत सुसंगत स्वरूपात मांडला. तोपर्यंत जगभर छाटणीचा जो रूढ नियम होता, तो या अभ्यासाने उलटा ठरला. फांदी खोडाच्या अगदी लगत, सपाट कापावी, म्हणजे जखम गुळगुळीत दिसते, असा तो नियम होता.

फांदी जेथे खोडातून निघते, तेथे बुडाशी थोडा फुगवटा असतो. आंब्याच्या किंवा कडुनिंबाच्या झाडाकडे नीट पाहिल्यास हे फुगीर कडे सहज ओळखता येते. वरच्या बाजूस खोड आणि फांदी यांच्या सालीची एक सुरकुतलेली रेघ असते, तीही खूण म्हणून उपयोगी पडते. कुजीला अडविणारी झाडाची यंत्रणा याच कड्यात असते. खोडालगत सपाट काप घेतला तर कडेच कापले जाते, जखम खोडाच्या लाकडापर्यंत पोहोचते आणि कूज थेट मुख्य खोडात शिरते. उलट हातभर लांब खुंट ठेवला तर तो वाळतो, त्यावर साल चढू शकत नाही, आणि बुरशीला व वाळवीला आत जाण्यासाठी तो आयता दरवाजा होतो. काप घ्यायचा तो कड्याच्या किंचित बाहेर, कडे शाबूत ठेवून. एवढी एक गोष्ट जरी छाटणी करणाऱ्या प्रत्येक मजुराला शिकविली, तरी शहरातील निम्मी हानी टळेल असे म्हणावयास हरकत नाही.

जड फांदी एकाच घावात वरून कापू नये. ती अर्धी कापली गेली की स्वतःच्या वजनाने खाली मोडते आणि खोडाची साल लांबपर्यंत सोलून नेते. यासाठी तीन कापांची पद्धत आहे. पहिला काप खोडापासून सुमारे ३० सेंटिमीटर अंतरावर फांदीच्या खालच्या बाजूने, जाडीच्या चतुर्थांश ते तृतीयांश भागापर्यंत घ्यावा. दुसरा काप त्याच्या थोडा पुढे, वरून. या दोन कापांमुळे फांदीचे वजन सुटते आणि साल फाटत नाही. उरलेला खुंट तिसऱ्या कापाने कड्याजवळ काढावा. कुऱ्हाडीने किंवा कोयत्याने हे काम साधत नाही. कुऱ्हाडीचा घाव लाकूड ठेचतो, त्याच्या चिरा आत जातात. छाटणीसाठी करवतच हवी.

कापलेल्या जागी डांबर किंवा तैलरंग फासण्याची चाल अजून अनेक ठिकाणी आहे. रंगाने कूज थांबत नाही, असे प्रयोगांवरून दिसून आले आहे. रंगाखाली ओल टिकते आणि थर तडकला की बुरशीला आसरा मिळतो. फळबागांमध्ये विशिष्ट रोगांसाठी बोर्डो पेस्ट लावतात तो प्रकार वेगळा, त्याला त्या पिकाच्या तज्ज्ञांचा आधार आहे. रस्त्याकडेच्या झाडांना गेरू व चुना यांचे पट्टे रंगवितात त्याचा उपयोग रात्री वाहनचालकास झाड दिसावे एवढाच मानावा. जखमेवरचा तो उपाय नव्हे.

शेंडा मारण्याचा अनर्थ

सर्वांत हानिकारक प्रकार म्हणजे झाडाचा शेंडा व मुख्य फांद्या मधूनच तोडून त्याला बोडके करणे. झाडाचे अन्न पानांत तयार होते. पाने एकाएकी नाहीशी झाली की झाड साठविलेल्या अन्नावर जगण्याची धडपड करते आणि तोडलेल्या टोकांभोवती भराभर नवे धुमारे फुटतात. ते जोमदार दिसत असल्याने छाटणी मानवली असा समज होतो. परंतु नैसर्गिक फांदीचे मूळ खोडाच्या लाकडात आतपर्यंत रुजलेले असते, तर हे धुमारे सालीखालच्या वरच्या थरातून निघालेले असतात. ज्या टोकावर ते उभे असतात ते टोक आतून कुजत जाते. चारसहा वर्षांत धुमारे मांडीएवढे जाड होतात आणि एखाद्या वादळात मुळासकट निखळतात. शिवाय सावली एकदम गेल्याने उघडी पडलेली साल उन्हाने भाजते व तडकते, विशेषतः एप्रिल-मे महिन्यांत.

एका वर्षात जिवंत पालवीच्या चतुर्थांशापेक्षा अधिक भाग काढू नये, हा सर्वमान्य दंडक आहे. जुन्या झाडाच्या बाबतीत ही मर्यादाही जास्त होते. वाळलेल्या, मोडक्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि रोगट फांद्या आधी काढाव्यात. बहुतेक झाडांना तेवढीच छाटणी पुरते. वाऱ्याचा भार कमी करायचा असेल तर घेराच्या बाहेरच्या भागातील लहान फांद्या विरळ कराव्यात. काही ठिकाणी मात्र आतील सर्व बारीक फांद्या साफ करून फक्त टोकांना पानांचे झुबके ठेवले जातात. या प्रकारात सर्व भार फांदीच्या टोकाशी जातो, फांदी लांब दांडीसारखी हेलकावे खाते आणि मोडते. रस्त्यावरून जाणाऱ्या वाहनांसाठी खालच्या फांद्या काढायच्या असल्यास ते काम झाड लहान असतानाच टप्प्याटप्प्याने करणे श्रेयस्कर होय. चाळीस वर्षांच्या झाडाची बुडाजवळची जाड फांदी काढून खोडाला फूटभर रुंदीची जखम करण्यापेक्षा पाचव्या वर्षी अंगठ्याएवढी फांदी कात्रीने काढणे किती सोपे आहे, हे सांगण्याची आवश्यकता नाही. तरीही लावलेल्या रोपांच्या पहिल्या दहा वर्षांतील या छाटणीसाठी अंदाजपत्रकात सहसा स्वतंत्र तरतूद दिसत नाही.

याच वयात दुबेळक्याचाही बंदोबस्त करता येतो. एकाच जागेतून सारख्या जाडीची दोन खोडे निघाली आणि त्यांच्यामध्ये साल दबली गेली, तर तो सांधा कधीच भक्कम होत नाही. मोठेपणी असे झाड मधोमध दुभंगते. लहानपणी दोहोंपैकी एक खोड आखूड केले म्हणजे दुसरे आपोआप प्रमुख होते.

जमिनीखालचा प्रश्न

कोसळलेल्या झाडाची तपासणी बारकाईने केली असता पुष्कळदा असे आढळून येते की, दोष फांद्यांत नव्हताच. झाडाची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या दोनतीन फुटांतच असतात आणि ती घेराच्याही पलीकडे पसरतात. खोल सोटमूळ झाडाला बांधून ठेवते ही कल्पना मोठ्या झाडांच्या बाबतीत बहुधा खरी नसते. पसरट मुळांचा परात-आकार पाया आणि त्याने धरून ठेवलेली माती यांवर झाड उभे असते. शहरात या पायावर सर्व बाजूंनी आघात होतात. जलवाहिनी, मलवाहिनी, विजेच्या व दूरध्वनीच्या केबली यांसाठी पदपथालगत चर खणले जातात. चर खोडापासून हातभर अंतरावरून गेला तर त्या बाजूची मुळे तुटतात. झाड लगेच वाळत नाही. दोनतीन पावसाळे हिरवेगार उभे राहते. मग एके दिवशी जोराचा पाऊस पडतो, माती चिकट राहण्याऐवजी भुसभुशीत होते, वारा पालवीला शिडासारखा ढकलतो आणि तुटलेल्या मुळांच्या विरुद्ध दिशेला झाड आडवे होते. पंचनाम्यात कारण "वादळी वारा" असे लिहिले जाते. चर कोणी खणला होता याची नोंद क्वचितच कोणाकडे असते.

गुलमोहर हे या बाबतीतील ठळक उदाहरण होय. मूळचा मादागास्करचा हा वृक्ष रूपाने देखणा असला तरी त्याची मुळे उथळ पसरतात आणि लाकूड ठिसूळ असते. पर्जन्यवृक्षही अमेरिका खंडातून आलेला. त्याचा घेर प्रचंड होतो आणि अरुंद पदपथावर त्याला पाया पसरण्यास जागा मिळत नाही. ही झाडे लावणाऱ्यांचा हेतू सावलीचा होता आणि तो त्यांनी भरपूर सफल केला आहे. तथापि नवी लागवड करताना जागेची रुंदी पाहून जाती निवडावयास हव्यात, आणि जुन्या झाडांच्या बुंध्याभोवती मोकळी माती ठेवावयास हवी. बुंध्यापर्यंत सिमेंट काँक्रीट किंवा फरशी आणून भिडविल्याने मुळांना हवा व पाणी मिळत नाही, आणि वाढत्या खोडाला गळफास बसतो. २३ एप्रिल २०१३ रोजी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिल्लीतील झाडांच्या भोवतालचे एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढून टाकण्याचा आदेश दिला. या आदेशामागील वनस्पतिशास्त्र कोणत्याही शहराला लागू पडणारे आहे.

चर खणणे टाळता येत नसेल तेव्हा घेराखालच्या भागात यंत्राऐवजी हाताने खोदावे, मनगटाएवढी व त्याहून जाड मुळे न तोडता त्यांच्याखालून नळ ओढावा, आणि तोडावेच लागले तर मूळ करवतीने साफ कापावे. बांधकाम खात्याच्या व पाणीपुरवठा विभागाच्या कामाच्या अटींमध्ये हे दोन ओळींत समाविष्ट करता येते.

झाड धोकादायक आहे हे कसे ओळखावे

तपासणी नेहमी जमिनीपासून वर करावी. बुंध्याजवळची माती एका बाजूने उचलली गेली आहे काय, भेग पडली आहे काय, झाड नव्याने कलले आहे काय, हे प्रथम पाहावे. जन्मतःच वाकडे वाढून शेंडा पुन्हा सरळ गेलेले झाड आणि गेल्या महिन्यात कललेले झाड यांत मोठा फरक आहे. पहिल्याने आपला तोल लाकूड वाढवून सावरलेला असतो, दुसऱ्याचा पाया सुटलेला असतो. बुंध्याला भूछत्रासारखी किंवा अर्धवर्तुळाकार लाकडी बुरशी उगवलेली असेल तर आतील कूज बरीच पुढे गेली आहे असे समजावे. त्यानंतर खोड लाकडी हातोडीने ठोकून पाहावे. पोकळ आवाज लगेच कळतो. फांद्यांच्या सांध्यांतील चिरा, वाहता डिंक, वाळवीची माती, पानांचा आकार लहान होणे व शेंड्याकडून वाळत येणे ही पुढची लक्षणे.

ढोली आहे म्हणून झाड तोडावे, असे मात्र नाही. पोकळ नळी भरीव दांड्याहून फार दुबळी नसते, हे यंत्रशास्त्राचे तत्त्व झाडालाही लागू आहे. जर्मनीतील कार्ल्सरूह येथील शास्त्रज्ञ क्लाउस मॅथेक यांनी मोडलेल्या व उभ्या झाडांच्या मोजमापावरून असे सुचविले की, शाबूत लाकडाच्या भिंतीची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या तीन दशांशाहून कमी झाली की मोडण्याचा धोका एकदम वाढतो. खोडाचा व्यास १ मीटर असेल तर त्रिज्या ५० सेंटिमीटर, आणि शाबूत भिंत निदान १५ सेंटिमीटर हवी, असा त्याचा अर्थ. हा दंडक अंतिम नव्हे. ढोलीचे तोंड मोठे असेल किंवा घेर एकांगी असेल तर अधिक जाडी लागते. भिंतीची जाडी बारीक सुईसारख्या गिरमिटाने किंवा ध्वनिलहरींच्या उपकरणाने मोजता येते. ही उपकरणे प्रत्येक नगरपालिकेने घ्यावीत असे नाही, परंतु शेकडो वर्षांचा एखादा वड किंवा चिंच तोडण्याचा ठराव करण्यापूर्वी तज्ज्ञाकडून एकवार असे मोजमाप करून घेणे उचित होय.

धोका म्हणजे दोष आणि माणसांचा वावर या दोहोंचा एकत्र परिणाम, हेही ध्यानात ठेवावयास हवे. उद्यानाच्या कोपऱ्यात उभे असलेले वाळके खोड पोपट, सुतारपक्षी व घुबडे यांचे घर असते. त्याला तेथे उभे राहू देण्यास हरकत नसावी. तेच खोड शाळेच्या दारात किंवा बसथांब्यावर असेल तर ते आज काढावयास हवे.

कोलकात्यानजीक हावडा येथील वनस्पती उद्यानातला प्रसिद्ध महावटवृक्ष या संदर्भात अभ्यसनीय आहे. १८६४ व १८६७ च्या चक्रीवादळांत त्याची हानी झाली, पुढे मुख्य खोडाला बुरशीने ग्रासले, आणि उरलेले झाड निरोगी राहावे म्हणून १९२५ मध्ये ते मुख्य खोडच काढून टाकण्यात आले. आज तो वृक्ष हजारो पारंब्यांवर उभा आहे आणि दूरवर पसरत चालला आहे. जो भाग वाचविता येत नाही तो काढण्याचे धैर्य आणि जो वाचतो त्याचा शोध, दोन्ही त्या निर्णयात होते.

तोडणीचे काम आणि कामगाराचा जीव

ओल्या लाकडाचे वजन सामान्य माणसाच्या अंदाजापेक्षा फार अधिक असते. एक घनमीटर ओले लाकूड स्थूलमानाने टनभर भरते. ३० सेंटिमीटर व्यासाचा आणि ३ मीटर लांबीचा साधा ओंडका घेतला तरी त्याचे वजन दोनशे किलोच्या आसपास जाते. तो ८ मीटर उंचीवरून सुटला तर ताशी सुमारे ४५ किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळतो. खाली माणूस असो, भिंत असो की मोटार, परिणाम उघड आहे. असे असूनही अनेक ठिकाणी मजूर अनवाणी, डोक्यावर शिरस्त्राण नसताना, कमरेला साधा दोर गुंडाळून किंवा तोही न बांधता झाडावर चढतात. ज्या फांदीवर उभे राहायचे तीच तोडायची नाही, हा विनोदाचा विषय राहिला आहे. त्यामागचे अपघात विनोदाचे नाहीत.

दाट वस्तीत झाड एकसंध पाडता येत नाही. ते वरून खाली तुकड्यातुकड्यांनी उतरवावे लागते. प्रत्येक तुकडा कापण्यापूर्वी त्याला दोर बांधून, तो दोर वरच्या भक्कम फांदीवरील कप्पीतून घेऊन खाली खोडाभोवती वेढे देऊन धरला जातो, आणि कापल्यावर तुकडा सावकाश उतरविला जातो. चढणारा माणूस दोन स्वतंत्र दोरांना बांधलेला असावा, म्हणजे करवतीने एक दोर कापला गेला तरी दुसरा त्याला धरील. यांत्रिक करवत चालविणाऱ्याला जाड पायघोळ, बूट, हातमोजे, डोळ्यांवर जाळी आणि कानांचे संरक्षण हवे. पात्याचे टोक लाकडाला लागले की करवत वेगाने उलट चेहऱ्याकडे उसळते. एक हात मोकळा ठेवून ती चालविणे म्हणजे संकटास आमंत्रण होय.

मोकळ्या मैदानात झाड आडवे पाडायचे असल्यास ज्या दिशेस पाडायचे त्या बाजूला आधी खाच घ्यावी, मग विरुद्ध बाजूने खाचेच्या किंचित वरच्या पातळीवर काप आणावा. दोहोंच्या मध्ये खोडाच्या जाडीच्या दहाव्या भागाएवढे लाकूड न कापता राखावे. हेच बिजागरीचे काम करते आणि झाडाला दिशा देते. ते कापून टाकले की झाड कोठेही जाऊ शकते. पडणाऱ्या झाडाच्या उंचीच्या दुपटीइतक्या परिघात कामगारांखेरीज कोणी असू नये, आणि कापणाऱ्याची माघारी जाण्याची तिरकी वाट आधीच साफ केलेली असावी. विजेच्या तारांजवळील काम वीज कंपनीकडून प्रवाह बंद झाल्याची खात्री झाल्याशिवाय सुरू करू नये. ओली फांदी वीज वाहून नेते.

वादळात पडलेले झाड उचलणे हे आणखी जोखमीचे. वाकलेल्या फांद्या ताणलेल्या धनुष्याप्रमाणे असतात. चुकीच्या बाजूने काप घेतल्यास त्या उसळतात. उखडलेल्या मुळांचा ढेकूळ खोड कापताच झटकन पुन्हा खड्ड्यात बसतो. त्या खड्ड्यात कुतूहलाने उतरलेली मुले ही अशा प्रसंगी सर्वांत मोठी चिंता असते.

येथे ठेक्याच्या पद्धतीविषयी एक गोष्ट स्पष्टपणे नमूद करणे प्राप्त आहे. छाटणीचे देयक लाकडाच्या वजनावर किंवा मालमोटारीच्या खेपांवर ठरत असेल, किंवा निघालेले लाकूड ठेकेदाराच्याच मालकीचे होत असेल, तर जितके अधिक कापले तितका लाभ अधिक, असे सरळ गणित होते. त्या व्यवस्थेत कितीही परिपत्रके काढली तरी झाड बोडकेच होणार. प्रत्येक झाडाचा क्रमांक, त्यावरील नेमके काम, आधीचे व नंतरचे छायाचित्र यांवर देयक आधारले, आणि मोबदला कौशल्याचा दिला, लाकडाचा नाही, म्हणजेच सुधारणा होऊ शकेल.

कायद्याची चौकट

महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम १९७५ मध्ये अस्तित्वात आला. या अधिनियमानुसार महानगरपालिका व नगरपरिषदांच्या हद्दीत वृक्ष प्राधिकरण स्थापन होते, वृक्ष अधिकारी नेमले जातात, आणि पूर्वपरवानगीवाचून झाड तोडता येत नाही, मग ते खाजगी आवारातील का असेना. तोडणे या शब्दात जाळणे आणि झाडाला कोणत्याही प्रकारे हानी पोहोचविणे यांचाही समावेश केलेला आहे. बुंध्याशी आग लावणे, साल काढणे, मुळांत रसायन ओतणे, हे प्रकार त्यात येतात. झाड मरेल अशा रीतीने केलेली बेसुमार छाटणीही त्या व्याख्येबाहेर राहत नाही. दर पाच वर्षांनी वृक्षगणना करण्याचे कर्तव्यही प्राधिकरणावर आहे. २०२१ मध्ये झालेल्या सुधारणेने ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडांसाठी प्राचीन अर्थात वारसा वृक्ष ही संकल्पना आणली आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचे तत्त्व स्वीकारले.

परवानगीपूर्वी झाडावर सूचना लावून नागरिकांच्या हरकती मागविल्या जातात. ही सूचना अनेकदा खिळ्याने ठोकली जाते, हा विरोधाभास टाळण्याजोगा आहे. सुतळीने बांधलेला फलक तेच काम करतो. शाळांनी आपल्या परिसरातील झाडांवर लागलेल्या सूचना विद्यार्थ्यांना वाचून दाखवाव्यात, झाडाचे वय घेरावरून अंदाजावे, आणि परवानगीचे कारण समजावून घ्यावे. नागरिकशास्त्र व वनस्पतिशास्त्र यांचा असा एकत्र पाठ दुसरीकडे क्वचितच मिळेल.

छाटणीच्या काळाविषयीही कायद्याचा एक संबंध येतो. बगळे व वंचक यांच्या वसाहती शहरांतील पर्जन्यवृक्षांवर पावसाळ्यात असतात. त्या काळात फांद्या तोडल्यास पिले रस्त्यावर पडून मरतात. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार वन्य पक्ष्यांची अंडी व घरटी यांना उपद्रव देणे हे शिकारीच्या व्याख्येत मोडते. तेव्हा छाटणीपूर्वी घरटी पाहणे हे दयेचे काम नसून कर्तव्य आहे. वाळलेली फांदी केव्हाही काढावी. इतर छाटणी हिवाळ्यात, नवी पालवी फुटण्यापूर्वी उरकावी, म्हणजे पावसाळ्यापर्यंत झाडाला सावरण्यास अवधी मिळतो आणि मे महिन्यातील घाईही टळते.

ग्रामपंचायतींच्या क्षेत्रात

ग्रामीण भागास वरील १९७५ चा अधिनियम लागू नाही. तेथे महाराष्ट्र झाडे तोडण्याचे (विनियमन) अधिनियम, १९६४ अन्वये साग, चंदन, खैर, आंबा, फणस, चिंच, मोह, हिरडा अशा अनुसूचित जातींच्या तोडीवर निर्बंध आहेत. शहरालगतच्या गावांत इमारती वाढल्या, रस्ते रुंद झाले, तरी झाडांची नोंदवही नाही अशी स्थिती असू शकते. ग्रामपंचायतीने सार्वजनिक जागेवरील झाडांची एक साधी यादी करावी. त्यात क्रमांक, जात, छातीच्या उंचीवरील घेर, जागा, दिसलेले दोष, केलेले काम व त्याची तारीख एवढे रकाने पुरेत. ग्रामसेवक व शाळेतील शिक्षक दोन दिवसांत हे काम पार पाडू शकतील. पावसाळ्यापूर्वी व दिवाळीनंतर अशी दोनदा फेरी मारून नोंदी ताज्या कराव्यात.

निघालेला पाला व बारीक फांद्या जाळू नयेत. त्यांचा चुरा करून बुंध्याभोवती चार बोटे जाडीचे आच्छादन घालावे, खोडाला मात्र ते भिडू देऊ नये. उरलेल्याचे कंपोस्ट होते.

गावाच्या वेशीवरील जुन्या वडांसाठी एक अल्पखर्चाचा उपाय ठिकठिकाणी यशस्वी झालेला आहे. आडव्या पसरलेल्या जड फांदीच्या लोंबत्या पारंब्या वाहनांना अडतात म्हणून कापल्या जातात, आणि आधार नसलेली ती फांदी पुढे मोडते. रस्त्याच्या बाजूच्या पारंब्या कापाव्या लागल्या तरी आतील बाजूच्या दोनतीन निवडाव्यात. उभा चिरलेला पोकळ बांबू घेऊन त्यात माती व शेणखत भरावे, पारंबीचे टोक त्यात सोडून बांबू सुतळीने बांधावा आणि त्याचे खालचे टोक जमिनीत रोवावे. उन्हाळ्यात वरून थोडे पाणी घालीत राहावे. पारंबी मातीतून खाली उतरते, जमिनीत रुजते आणि काही वर्षांत मनगटाएवढी, पुढे मांडीएवढी होते. बांबू तोवर कुजून गळून पडलेला असतो आणि फांदीखाली जिवंत खांब उभा राहतो.